भुंगीची वाक्यं

९ जानेवारी, गुरुवार

आजपासून कोर्स सुरू. हॉस्पिटलच्या लायब्ररीत, दर गुरुवारी कामानंतर. 'संशोधनातला पुरावा कसा तपासावा.' नाव वाचूनच जांभई आली होती. आम्हा थेरपीवाल्यांना हा सक्तीचा केलाय. यापुढे कुठलाही उपचार वापरायचा तर 'हे चालतं कशावरून?' याचं उत्तर देता आलं पाहिजे म्हणे. इतकी वर्षं मुलांना बोलायला शिकवतेय, आता मला 'कशावरून' विचारणार.

शिकवणारे सर निवृत्त डॉक्टर आहेत. काटकुळे, खिशाला शाईचा डाग. आल्या आल्या म्हणाले, "ज्या उपचारावर तुमचा सगळ्यात जास्त जीव आहे, तोच तपासायला घ्या. ज्याचं सोयरसुतक नाही तो घेतलात तर नुसती घोकंपट्टी होईल." बाकीचे एकमेकांची तोंडं बघत बसले. मी लगेच हात वर केला. माझा विषय ठरलेलाच आहे. जे मूल बोलू शकत नाही त्याच्या मनगटाखाली आपला हात धरायचा, म्हणजे ते समोरच्या पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवत वाक्य तयार करतं. भुंगीसाठी मी ही पद्धत शिकले आणि भुंगीनेच मला तिची ताकद दाखवली. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर मांडणी करायची आहे. अशी करीन की आमच्या थेरपी केंद्रात पाटीसाठी वेगळी खोली द्यावी लागेल.

सरांनी विचारलं, "खात्री आहे?"

मी म्हटलं, "विषयाची की उपचाराची?"

"दोन्हीची."

"दोन्हीची आहे." वर्ग हसला. मीही हसले.

१२ जानेवारी, रविवार

नेहमीसारखी ताईकडे. भाऊजी जहाजावर इंजिनात काम करतात, वर्षातून एकदा घरी येतात, त्यामुळे घरात ताई आणि भुंगी दोघीच. भुंगी पंधरा वर्षांची. तान्ही असल्यापासून तोंड मिटून एका सुरात गुणगुणते म्हणून आमच्या बाबांनी भुंगी म्हटलं, ते चिकटलं. शब्द म्हणून आजवर एकही बोललेली नाही. एका डॉक्टरने तर ताईच्या तोंडावर सांगितलं होतं, "हिला आई आणि खुर्ची यातला फरक कळत असेल असं धरून चालू नका."

तीन वर्षांपूर्वी मी शिबिरातून पाटी शिकून आले आणि त्याच महिन्यात भुंगीने लिहिलं, 'आई मला सगळं कळतं'. ताई ओट्याला टेकून उभी होती, ती तशीच घसरत खाली बसली. ते वाक्य तिने मोठ्या अक्षरात छापून हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. त्या वाक्याच्या जोरावर भुंगी साध्या शाळेत गेली आणि यंदा दहावीला बसतेय. मी शेजारी बसून मनगट धरायचं, अशी परवानगीही मिळवलीय. ताईने धरून बघितलं होतं, पण तिच्या हाताखाली भुंगी नुसती भरकटते. हात सरावाचा लागतो.

लिहिताना भुंगी पाटीकडे बघत नाही, पंख्याकडे बघते. नवख्याला नवल वाटतं. मी समजावते, ही मुलं डोळ्याच्या कडेने टिपतात. आणि लिहिते तरी किती शुद्ध! फक्त 'पूर्ण'चा पू ऱ्हस्व काढते, तो मीही लहानपणापासून काढते. ताई म्हणते, मावशीचा हात फिरलाय तिच्यावरून.

हल्ली मात्र बिनसलंय. गालावर चापट्या मारून घेते. आज सफरचंदाची फोड नुसती चोखून टाकून दिली. मी पाटी घेतली. तिने लिहिलं, 'परीक्षेचं ओझं वाटतं. वर्गातली मुलं हसतात. मी स्वतःवर राग काढते.' ताईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर मान झटकली. किती स्वाभिमानी आहे पोरगी.

निघताना लिहिलं, 'मावशी तू नसतीस तर मी अंधारात असते.' बसमध्ये मला रडू आवरेना. शेजारच्या बाईने खिडकी सरकवून दिली.

१६ जानेवारी, गुरुवार

सरांनी आज एक फसवा पेपर वाचायला दिला. सांधेदुखीवर कसलंसं तेल, दहातले आठजण बरे. आम्ही माना डोलावल्या. मग म्हणाले, "तेल न लावलेले किती बरे झाले?" ते पेपरात नव्हतंच. "मग तुम्ही काय वाचलंत?"

दुसरं म्हणाले की ज्याला उत्तर आधीच माहीत आहे, त्याच्या हातात मोजपट्टी देऊ नये. तो खोटारडा असतो म्हणून नव्हे, माणूस असतो म्हणून. मी वहीत उतरवून घेतलं. छान बोलतात.

२५ जानेवारी

पाटीवरचे पेपर जमवले. काय एकेक हकिगती आहेत! एका मुलाने म्हणे पाटीवर आईची माफी मागितली. एकाने कविता केली. वाचताना प्रत्येक ठिकाणी मला भुंगी दिसली.

३० जानेवारी, गुरुवार

डोकं फिरलंय.

शोधता शोधता दुसराच ढीग हाती लागला. मुलाला एक चित्र दाखवायचं, मनगट धरणाऱ्याला ते दिसू द्यायचं नाही, आणि मग पाटीवर विचारायचं. म्हणे उत्तरं चुकतात. दोघांना वेगवेगळी चित्रं दाखवली तर म्हणे मनगट धरणाऱ्याने पाहिलेलं चित्र लिहिलं जातं. एक नाही, असे कितीतरी पेपर, वेगवेगळ्या लोकांचे, वेगवेगळ्या गावांतले.

मी वर्गात एकेक फाडून दाखवला. मुलं थोडी, खोली अनोळखी, परीक्षेची भीती, अविश्वासाचं वातावरण. आपल्यावर कुणी संशय घेतंय हे मुलांना कळत नाही का? सर मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "उत्तम चाळलंत. एकही खडा सुटला नाही." मी खूश. मग म्हणाले, "आता हीच चाळणी तुमच्या पहिल्या ढिगाला लावून आणा."

लायब्ररीतून बाहेर पडताना त्यांच्याकडे बघितलं नाही. आयुष्यात एकही बोलू न शकणारं मूल सांभाळलं नसेल यांनी.

२ फेब्रुवारी, रविवार

भुंगीने काल भिंतीवर डोकं आपटलं. आज दिवसभर पाण्याचा गार पेला गालाला लावून बसली होती. ताईला शंका आली, "दात तर दुखत नसेल हिचा?" आम्ही विचारलं. तिने लिहिलं, 'दात ठीक आहे. मनातली आग शांत करते आहे.' ताई माझ्याकडे बघतच राहिली. एवढ्याशा मुलीला सुचतं कसं!

शाळेला आठवडाभर सुट्टी घ्यायची ठरवली, म्हणजे दडपण कमी होईल.

पहिला ढीग चाळलेला नाही अजून. वेळच नाही मिळाला.

८ फेब्रुवारी

चाळला. एकाही हकिगतीत मनगट धरणाऱ्याला उत्तर माहीत नव्हतं असं कुठे लिहिलेलं नाही. एकाही नाही. पण म्हणून ते खोटं ठरतं का? कुणी तपासलं नाही एवढंच.

तर मी तपासते. भुंगी अनोळखी नाही, मी संशय घेणारी नाही, खोली आमच्या केंद्रातली. सरांना समोर आणून ठेवते निकाल. आमच्या फिजिओला सांगितलं. हा पोरगा सरळ आहे, माझ्या पाटीला कधी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही. तो म्हणाला, "मॅडम, नक्की करायचंय?" म्हटलं, तू पण सरांसारखा व्हायला लागलास की!

१५ फेब्रुवारी, शनिवार

किल्ली नव्हतीच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज तरी लिहून काढायला हवं.

शनिवारी केंद्रात भुंगी आणि मी, दोघींमध्ये पुठ्ठ्याची आडभिंत. पाटी पुढे, माझा हात तिच्या मनगटाखाली. फिजिओ मला एक चित्र दाखवी, तिला एक. दोन्ही कधी सारखी, कधी वेगळी, ते फक्त त्याला ठाऊक. पहिलं घर. घर लिहिलं. मग मासा. मासा लिहिलं. मी त्याच्याकडे बघून डोळा मारला. मग किल्ली. भुंगीने लिहिलं किल्ली. मग घड्याळ, मग पान, मग गाय. सगळी लिहिली, झरझर. फिजिओ हळूहळू माझ्याकडे बघेनासा झाला. "मॅडम, थांबू या का?"

"का? सगळं बरोबर येतंय की."

त्याने तिच्या बाजूची चित्रं माझ्यासमोर ठेवली. किल्लीच्या वेळी तिच्यापुढे छत्री होती. घड्याळाच्या वेळी बूट. जिथे जिथे चित्रं वेगळी होती, तिथे तिथे माझं लिहिलं गेलं होतं. तिचं एकही नाही.

मी म्हटलं, तू चित्रांची अदलाबदल केली असशील. त्याने सगळ्या जोड्या पुन्हा एकेक करून मांडून दाखवल्या. भुंगी पंख्याकडे बघत गुणगुणत होती.

मी शपथेवर सांगते, मी हात हलवला नाही. मला तिचं बोट ओढ घेताना जाणवत होतं. तीन वर्षं जाणवतंय. माझ्याच हाताची ओढ मला तिची वाटत होती? असं होतं म्हणे माणसाचं. पेपरात वाचलं तेव्हा 'म्हणे' वाटलं होतं.

आई मला सगळं कळतं.

हे मग कोण म्हणालं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

वर्गात शेवटच्या खुर्चीवर बसले. सरांनी एकदा बघितलं, विचारलं नाही. त्यांच्यावर आता रागही धरता येत नाही, एवढाही आधार उरला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. दारातच ताई म्हणाली, "तुझ्या भाऊजींचं जहाज धक्क्याला लागलंय, संध्याकाळी फोन येईल." भुंगीच्या वाक्यांवर तो माणूस समुद्रात दिवस काढतो. फोन आला. आवाज कापरा, मागे इंजिनाची घरघर. "आज काय म्हणतेय माझी लेक? विचारा ना, मेहुणीबाई."

ताईने पाटी आणून माझ्या मांडीवर ठेवली.

मी मनगट धरलं. माहीत असूनही धरलं. आणि बोट निघालं, तसंच, त्याच ओढीने, मी हात सैल सोडायला बघत होते तरी. 'बाबा मी तुमची वाट पाहते. लवकर या.' ताईने मोठ्यांदा वाचलं. मग भाऊजी म्हणाले, "येतो गं, येतो."

मी कोण आहे? मला कुणाला बोलावून घ्यायचं होतं, कुणाकडून ऐकायचं होतं, तेच मी तीन वर्षं एका मुलीचं बोट धरून लिहितेय का?

सांगितलं नाही.

१ मार्च, शनिवार

ताईला बँकेत काम होतं म्हणून भुंगीजवळ बसले. पाटी कपाटातून काढलीच नाही. काय करावं कळेना, म्हणून नुसती तिच्याकडे बघत बसले. इतका वेळ मी तिच्याकडे कधी बघितलेलं नाही. माझी नजर कायम पाटीवर असायची.

ती केळं खात होती. घास उजवीकडे गेला की जिभेने डावीकडे सारायची. पाणी प्यायली तेव्हा डोळे घट्ट मिटून घेतले. उजवा गाल किंचित वर आलाय. मी बोट नुसतं जवळ नेलं तर तिने माझा हात असा झटकला की बांगडी खणकन टेबलावर आपटली.

दात. दोन महिने ही मुलगी कानीकपाळी ओरडून सांगतेय आणि मी लिहितेय 'मनातली आग'.

ताई परत आल्याबरोबर म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता दाताच्या डॉक्टरकडे ने. ताई पिशवी ठेवत म्हणाली, "अगं, पण तीच म्हणाली होती ना दात ठीक आहे म्हणून? तिला डॉक्टरकडे धरून न्यायचं म्हणजे चार माणसं लागतात, घाबरून जाते. आधी विचार तिला नीट."

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. पण सगळं सांगत बसले असते तर त्या रडारडीत आजचा दिवस गेला असता, उद्याचाही गेला असता. मी पाटी काढली. लिहिलं, 'दाढ खूप दुखते. डॉक्टरकडे न्या.' आज मात्र मी हलवला हात. जाणूनबुजून.

आणि फरक काहीच जाणवला नाही. तीच ओढ. तेच बोट.

४ मार्च, मंगळवार

भूल देऊन दाढ काढली. खाली पू साठला होता, हाडापर्यंत पोचायच्या बेतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या माणसाने एक रात्र काढली नसती या दुखण्यात.

भुंगी आता शांत झोपलीय. ताई मात्र आनंदाने वेडी झालीय. डॉक्टरीणबाईंना, नर्सला, लिफ्टमधल्या अनोळखी बाईला, सगळ्यांना सांगत सुटलीय, "हिने स्वतः सांगितलं! पाटीवर! नुसती दाढ दुखते म्हणाली आणि बघा, खरंच निघालं!" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, ही पद्धत कुठे शिकायला मिळते?

मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

९ मार्च, रविवार

झालं. आज सांगून झालं.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. दाढेची हकिगत ताईने त्यांना आधीच कळवली होती. आज फोन स्पीकरवर होता, भुंगी मध्ये, आम्ही दोघी दोन्हीकडे. भाऊजी हसत बोलत होते. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "बाळा, इतके दिवस दुखत होतं, तर आधी का नाही सांगितलंस? आई विचारत होती ना तुला? आईपासून लपवायचं असतं का गं?"

ताईही तिच्याकडे वळली. "हो, खरंच. मी दाताचं विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस? सांग बघू बाबांना."

दोघंही वाट बघायला लागली. भुंगी हिरडीवरून जीभ फिरवत होती. तिचं मनगट माझ्या हातात होतं.

बाकी सगळं मी तिच्या तोंडी घातलं असेल. पण ज्या मुलीने जिवाच्या आकांताने सांगितलं, तिच्या हातून 'चुकले' लिहवून घेणं माझ्याच्याने झालं नाही. मी मनगट सोडलं. म्हटलं, "तिने सांगितलं होतं. मी तिला बोलू दिलं नाही."

मग बाकीचं. किल्ली, छत्री, सगळं. कसं सांगितलं आठवत नाही. मध्येच फोन कट झाला, की भाऊजींनी ठेवला, माहीत नाही.

ताई ओरडली नाही. म्हणाली, "मग 'आई मला सगळं कळतं' हे?"

"माझंच असणार ते, ताई."

"तुझं?" ती फ्रेमकडे बघत राहिली. "तुला काय कळतं?"

मग उठली आणि म्हणाली, "तुमची ती चित्रंबित्रं मला नको सांगूस. बाहेर जाऊन उभी राहा. मी बोलावलं की ये." मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने हाक आली. दोघी स्वयंपाकघरात होत्या. ताई म्हणाली, "आत्ता मी हिला काहीतरी दिलं. विचार काय ते."

मी म्हटलं, "ताई, नको."

"विचार म्हणते ना!"

मी मनगट धरलं. डोळे मिटून घेतले. बोट पाटीवर फिरलं आणि ताईने वाचलं, "चमचा."

तिने पाटी उचलून ओट्यावर पालथी ठेवली.

"मी काही दिलं नव्हतं," ताई म्हणाली. "मुका घेतला होता तिचा."

मग म्हणाली, "जा तू आता." मी चप्पल घालत होते तेव्हा पाठीमागून म्हणाली, "मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. शिव्या तरी दिल्या असत्या. काल माझी मुलगी माझ्याशी बोलत होती, धाकटे. तू आज तिला घेऊन गेलीस, आणि ती तर इथेच बसलीय."

२० मार्च, गुरुवार

मांडणी केली. दोन्ही ढीग एकाच चाळणीतून काढले. शेवटी आमचा स्वतःचा प्रयोग सांगितला, आणि दाढेचं सांगितलं. मुलीचं नातं लपवलं नाही.

सर निघताना दारात थांबले. मला वाटलं आता काही मोठं बोलतील. ते म्हणाले, "माझ्याकडे मार्क आहेत, ते देतो. बाकी काही नाही हो माझ्याकडे." आणि माझी छत्री पडली होती ती उचलून दिली.

केंद्रात पाटी बंद झाली. पाटीवर असलेल्या बाकीच्या मुलांच्या आईवडलांना केंद्राच्या प्रमुख बाईंनी बोलावलं, सांगायला मला बसवलं. बरोबरच आहे. एक आई ऐकता ऐकता उठली आणि म्हणाली, "तुमच्या भाचीचं खोटं असेल. माझ्याचं खरं आहे." मी हेच म्हटलं असतं. तिने मुलाला दुसरीकडे नेलं, जिथे अजून पाटी करतात.

दहावीला भुंगी बसली नाही.

२९ मार्च

ताई फोन घेत नाही. आज स्वयंपाक करताना लक्षात आलं की मी मनातल्या मनात भुंगीला काहीतरी सांगतेय आणि तिचं उत्तरही ऐकतेय. चांगलं, लाघवी उत्तर. गॅस बंद करून बसून राहिले.

तीन वर्षं माझ्यावर माया करणारं जे कुणी होतं, ते मीच होते.

१२ एप्रिल, शनिवार

भाऊजी घरी आलेत. आज केंद्रात आले, न कळवता. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे वर करून बसले. उन्हाने रापलेत, बारीक झालेत.

इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. "एक विचारायचंय. सगळीच्या सगळी वाक्यं? एखादंही तिचं नसेल?"

मी म्हटलं, "नाही, भाऊजी." कदाचित म्हणायचा फार मोह झाला. पण त्या एका कदाचितवर हा माणूस पुन्हा वर्षभर समुद्रात जगला असता.

ते मान हलवत राहिले. "एकदा फार मोठं वादळ होतं. आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती. बंदरात आलो, फोन लावला, तर भुंगीने पाटीवर सांगितलं, 'बाबा, पाऊस आला की मी तुमच्या शर्टात तोंड लपवते.' ते..."

"माझं."

"हं." खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "चांगलं लिहिलंत हो."

त्यांनी ते टोचून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं.

जाताना म्हणाले, "पुढच्या रविवारी या. पाटी घेऊन जा. तुमची ताई ते कपाट उघडतच नाही."

२० एप्रिल, रविवार

गेले.

ताईने दार उघडलं, ये म्हणाली नाही, बाजूला झाली. भाऊजींनी चहा ठेवला. भुंगी काकडी खात होती, कडाकडा, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी. मला बघून तिने काहीच केलं नाही. मी कोचावर बसले, हात दोन्ही मांडीखाली ठेवून.

कपबशा वाजत राहिल्या. शेवटी ताईच बोलायला लागली, माझ्याशी नाही, चहाशी. "मला तिच्यासमोर लाज वाटते. इतकी वर्षं मी कुणाशी तरी खुशाल गप्पा मारत होते आणि ही शेजारी बसून राहायची. हिला काय आवडतं, सांगता येत नाही मला. आई आहे मी हिची. रंग कुठला आवडतो तेही नाही. निळा म्हणत होती. तो तुझा आवडता, नाही का?"

मी हो म्हटलं.

"तेच."

मी माफी मागायला तोंड उघडलं. खरं तर पुष्कळ तयारी करून गेले होते. ताई, मला एवढंच सांगायचंय, असं सुरू केलं आणि बोलत सुटले. माझ्या आवाजाला धार चढत गेली, रडू यायला लागलं, थांबता येईना.

काकडीचा आवाज थांबला. भुंगी उठली. दाराशी गेली, तिथल्या ढिगातून माझ्या चपला काढल्या, माझ्याच, दोन्ही हातांत धरून आणल्या आणि माझ्या पायांपुढे ठेवल्या. एक उलटी पडली होती, ती वाकून सुलटी केली. मग माझं कोपर धरून मला उभं केलं.

कुणी तिला सांगितलं नव्हतं. कुणाचाही हात तिच्या मनगटाखाली नव्हता.

भाऊजी गडबडले. "अहो, ती आपली उगाच, खेळते तशी. बसा तुम्ही."

"नाही," ताई म्हणाली. ती कप हातात तसाच धरून भुंगीकडे बघत होती. "निघ म्हणतेय ती हिला."

एका वेळेवरून काही ठरवू नये, दुसरं कारण असू शकतं, हे मला आता शिकून झालंय. मी ते बोलले नाही. चपला पायात सरकवल्या. भुंगीने दार उघडलं, मी बाहेर गेले तशी आतून लोटून घेतलं. पाटी तिथेच राहिली.

जिन्यात पाय निघेना म्हणून कठड्याला धरून उभी राहिले. आतून ताईचा आवाज येत होता, अगदी हळू, नव्या माणसाशी बोलावं तसा. "आणखी काय म्हणायचंय तुला? दाखव. मी बघतेय."

मग पुन्हा काकडीचा कडाकडा आवाज सुरू झाला. मी खाली उतरले.